गजाच्या सोंगाचं इंग्रजी नाव

श्रुती सकाळी दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तूर निवडत होते. "आजोबा गेले," एवढंच म्हणाली. गजानन माझा धाकटा भाऊ, मला बाई म्हणायचा; श्रुती त्याची नात. दोन घरं सोडून राहतात. सूप खाली ठेवताना पहिला विचार आला तो हा, की तीन दिवसांपूर्वी आपण याच्याशी भांडून आलो आणि आता ते भांडण तसंच राहिलं. रडू मागून आलं. त्याला आता महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा घडलं तसं सांगते.

आमच्या गावात चैत्रात देवांची, वीरांची सोंगं निघतात. त्यांचे मुखवटे गजा करायचा. रद्दी भिजवून लगदा करायचा, त्यात मेथ्यांची पूड घालायचा, म्हणजे कीड लागत नाही. मुखवटा वाळला की आतल्या बाजूला सोंगाचं नाव लिहायचा, आणि सोंग मैदानात उतरताना ते नाव ढोलाच्या वर आवाज काढून स्वतःच पुकारायचा. नाव पुकारल्याशिवाय सोंग उतरत नाही. माणूस मात्र हेकट. लगद्याच्या बादल्यांनी बायकोचं अंगण जन्मभर अडवून ठेवलं आणि कधी तिला विचारलं नाही.

मागच्या साली त्याच्या छातीत बॅटरीचं यंत्र बसवलं. ठोके चुकत होते ते सरळ झाले. दवाखान्यातून आला तो नवीन सोंग डोक्यात घेऊनच. हा वीर देवाच्या वरदानानं बलवान झालेला नव्हता, यंत्रानं झालेला होता. पाठीवर जुना फवारणीचा पंप, एका हाताला पत्र्याची नळी, कपाळावर मोटरसायकलचा दिवा. ते सोंग अंगावर चढवायचं श्रुतीनं कबूल केलं होतं. सगळं तयार झालं, फक्त नाव नव्हतं. ते त्याला इंग्रजीतच पाहिजे होतं. "मराठीत काऊन नाई?" मी विचारलं. "देव आपल्या घरचे, त्यायले आपल्या बोलीत पुकारतो. हा वीर पोरायच्या मोबाइलातून आला बाई. त्यायले ओळखू येईल असं नाव पाह्यजे."

मग दोन महिने हाच धंदा. ज्याला त्याला विचारायचा, आणि शब्द मिळाला की मला ओसरीत उभी करून ओरडायला लावायचा. म्हणे, "तुह्या आवाजानं लिंबावरचे कावळे उडतात." मी "रोबोट" ओरडले. तो म्हणाला, "रोबोटले माय नसते. याले माय आहे." शाळेतल्या गुरुजींनी "बायोनिक" सांगितलं, तेही ओरडले. "हे तं कपाशीवर मारायचं औषध वाटते." शेजारीण विचारून गेली, बाईला काही झालं का म्हणून. श्रुतीनं "सायबोर्ग" आणला. म्हणजे काय, तर अर्धा माणूस, अर्धं यंत्र. त्यावर मात्र गजा चिडला. "माह्या छातीत यंत्र आहे तं मी अर्धा झालो काय वं?" तेव्हा मला कळलं की हा नाव नुसतं सोंगाचं शोधत नाही, स्वतःचंही शोधून राहिला आहे.

शेवटच्या भेटीत श्रुती म्हणाली, "आजोबा, ऑगमेंटेड."

"म्हणजे?"

"आधी होतं ते तसंच ठेवून वर भर घातलेला."

"काही कापलं नाई?"

"काहीच नाही."

त्यानं पंपाचा पट्टा ओढून पाहिला, मग म्हणाला, "बाई, ओरड बरं."

मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा जीभ अडकली. श्रुती हसली, तोही हसला. मला राग आला. "मले नाई जमत. पुकारायचं तुले आहे, तूच ओरड. नाईतर सोपा शब्द घे!" असं बोलून चप्पल घालून निघाले. मागून तो म्हणाला, "थांब तं खरी." मी थांबले नाही.

तेरवीनंतर भावजयीनं त्याची खोली आवरायला बोलावलं. खोलीत मेथ्यांचा वास तसाच होता. खुंटीवरचा त्या वीराचा मुखवटा काढला आणि उलटा केला. आत रोबोट, बायोनिक, सायबोर्ग, तिन्हींवर काट मारलेली. खाली मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून तोडून तोडून लिहिलेलं: ऑग – मेन् – टेड. आणि त्याच्याखाली: पुकारणार – बाई.

यंत्र बसल्यावरही त्याला ओरडलं की दम लागत होता. हे मला दिसत होतं, पण दोन महिने तो मला कशासाठी ओरडायला लावत होता ते काही डोक्यात आलं नाही. आजवर कुठल्या बाईमाणसानं कधी सोंग पुकारलेलं नाही. यानं ना गावाला विचारलं, ना मला. जन्मभराची खोडच ती.

मी पंचमंडळींकडे जाऊन सांगून आले, हे सोंग मी पुकारणार. एक जण म्हणाला, "बाई, तुमाले ते इंग्रजी जमन काय?" म्हटलं, "चैत्र लांब आहे."

मुखवटा आता माझ्या ओसरीत खुंटीवर आहे, आतली बाजू बाहेर करून. सकाळी चहा झाला की त्याच्यासमोर उभी राहते. श्रुती कॉलेजला जाताना फाटकाशी थांबून ऐकते. पहिले दोन तुकडे आता साफ निघतात, तिसऱ्याला आवाज पडतो. काल मात्र पूर्ण शब्द एका दमात गेला, आणि लिंबावरचे कावळे उडाले.