आधी वरवंटा

लेकानं तुळईत ड्रिल घातलं आणि सागवानाचा भुसा माझ्या पदरावर सांडला. त्या वासासरशी मी जैनथ गावातल्या ह्याच घरात, ह्याच लेकाच्या बारशात जाऊन बसले.

तेव्हा पाळण्याच्या आकड्यासाठी ह्यांनी गिरमिटानं भोक पाडलं होतं. आट्यांचा आकडा फिरवायला जड जाऊ लागला, तसे हे म्हणाले, "जाऊनच नाही राह्यला, भोक मोठं करतो." मग आकडा बोटांनीच आत गेला. आम्हाला केवढं बरं वाटलं!

रिवाजाप्रमाणे बाळाआधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवला. सासूबाईंनी दोरी ओढली मात्र, आकडा भोकातून निसटला आणि पाळणा धाडकन खाली आला. सारवलेल्या जमिनीला खळगा पडला. बाळाला कवटाळून मी रडतच सुटले.

"काऊन रडून राह्यली वं माय?" सासूबाई म्हणाल्या. "लेकरू तुह्या मांडीवरच हाय ना!"

कितीतरी दिवस मला तो अपशकुन वाटत होता. आज वाटतं, त्याहून शुभ ह्या घरात काही घडलंच नाही.

त्या जुन्या भोकापासून वीतभर सरकून लेकानं नवं पाडलं होतं. आकड्यापुढं ड्रिलचं बिट धरून त्यानं मला दाखवलं, "आई, बिटाच्या दोन्ही बाजूंनी नुसते आटे दिसले पायजे. तेच लाकडात रुततात." आकडा बसवताना त्याला घाम फुटला. मग तो स्वतः त्याला लोंबकळला.

"झालं समाधान?"

मी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्यात निजवला. नातीला छातीशी धरून चांगले मोठे झोके दिले. आकडा कुरकुरलासुद्धा नाही.

तेव्हा कुठं तिला हातातून पाळण्यात ठेवलं.