समोरच्या दारापर्यंत गेलेली वायर

आमच्याकडे इंटरनेट आलं तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मी घराला. त्यांना अर्धांगवायू झाला आणि ठाण्यातली माझी दहा वर्षांची नोकरी सुटली. सुटली म्हणायचं आपलं, सोडली मीच. नवरा म्हणालेला, बाई ठेवू. दोन बायका ठेवून बघितल्या. पहिली सासूबाईंना भरवायच्या आधी स्वतः जेवून घ्यायची, दुसरी आठवड्यात गायब. मग काय, बसले घरी. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलत.

अशात जुन्या ऑफिसातल्या साहेबांनी माझं नाव वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीला सुचवलं. ते लोक पाण्याचे पंप बनवायचे आणि पंपांच्या माहितीपुस्तकांचं त्यांना मराठी हवं होतं. सकाळी ते इमेलने इंग्रजी पानं पाठवणार, दुपारी चारच्या आत मी मराठी करून, चित्रांसकट, परत पाठवायचं. एक महिना बघू, वेळेवर आलं तर काम कायम. पंपाच्या पोटात काय असतं ते मला ओ की ठो माहीत नव्हतं. पण घरात बसून माझं स्वतःचं काम मिळत होतं. त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं तर मी रणगाड्याचंही मराठी केलं असतं.

जुना कॉम्प्युटर आला, पाठोपाठ मोडेम आला. मोडेम म्हणजे एक चपटी काळी पेटी, पुढे लुकलुकणारे लाल दिवे. फोनची वायर तिच्यात घालायची, तिची वायर कॉम्प्युटरमध्ये. नंबर लावला की ती आधी किंचाळायची, मग घरघरायची, आणि गप्प झाली की समजायचं, लागलं. सासूबाईंना तो आवाज मांजराचा वाटायचा. त्या हातानेच हाकलून द्या म्हणून खुणा करायच्या.

पहिल्या दिवसापासून ते जे रडतखडत चाललं, त्याला तोड नाही. दहा पानांची फाइल जायला पाऊण तास. त्यातही शेवटची चार बोटं उरली की स्क्रीनवरची निळी पट्टी तिथेच थांबायची, दिवे विझायचे, कनेक्शन तुटलं. पुन्हा नंबर लाव, पुन्हा किंचाळणं, पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी मी सात वेळा लावलं. सातव्यांदा तुटलं तेव्हा मी माऊस भिंतीवर फेकलेला, त्याचा टवका अजून दिसतो. फाइल पोचली सव्वासहाला. पंपाच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला, ते गोड बोलले, पण वहीत काहीतरी लिहिल्याचा आवाज मला आला.

मोडेम विकणारा माणूस कल्याणचा. भला गृहस्थ, वयाने माझ्याएवढाच. तो तीनदा आला. पहिल्यांदा त्याने फोनची वायर बदलली, दुसऱ्यांदा कॉम्प्युटर उघडून आतली धूळ झाडली, तिसऱ्यांदा चक्क मोडेम बदलून दिला. आणि गंमत बघा, तो समोर बसलेला असला की फाइल सुळकन जायची. तो चहा पिऊन जिना उतरला की अर्ध्या तासात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी त्याला दारात उभं करून वाटेल ते बोलले. फसवता म्हणाले, खराब माल गळ्यात मारता म्हणाले. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, ताई, पेटीत दोष नाही, एकेक वस्तू सोडून बघत या, जी सोडल्यावर सुधारेल ती वाईट. मी दार आपटलं.

तो आला की समोरच्या काकू हमखास येऊन बसायच्या. आता काकूंबद्दल सांगायला हवं.

काकूंचं दार आमच्या दारासमोर. मधे चार हातांचा पॅसेज. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी मस्कतला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दोन्ही दारं सकाळी उघडायची ती दिवेलागणीलाच बंद व्हायची. आमच्याकडे फोन आला तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो एकच. सगळ्यांचे नातेवाईक आमच्याच नंबरवर. काकूंची मुलगी दर रविवारी मस्कतहून करायची, आणि काकू धावत येऊन, आमच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत तिच्याशी बोलायच्या. डोळे पुसायचे तर पदर तोंडावर घ्यायच्या. मला ते बघवेना. मीच नवऱ्याच्या मागे लागले आणि इलेक्ट्रिशियन बोलावून आमच्या फोनची एक पॅरलल वायर त्यांच्या घरात नेली. त्यांच्याकडच्या फोनची घंटा बंद ठेवली. त्यांचा कॉल आला की मी त्यांची बेल दोनदा दाबायची, मग त्यांनी तिकडे उचलायचा आणि मी इकडे ठेवायचा. दिवाळीत रंग काढला तेव्हा वायर पांढऱ्या पट्टीखाली गेली. वर्षभरापूर्वी काकूंना स्वतःचा फोन मिळाला. त्यांनी पेढे वाटले आणि जुना फोन माळ्यावर टाकला म्हणून सांगितलं. मीही तो विषय विसरून गेले.

काकूंसारखी बाई मी पाहिली नव्हती. माझ्या मनातलं त्यांना न सांगता कळायचं. लग्नानंतर चार वर्षांनी माझं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं. डॉक्टरांकडून आले आणि कल्याणच्या बहिणीला फोन केला. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. फोन ठेवून तशीच भिंतीला टेकून बसले. पंधरा-वीस मिनिटांत काकू आल्या. हातात मऊ खिचडीचं भांडं, वर तूप. काही विचारलं नाही. शेजारी बसल्या, घास करून भरवला, केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी हमसून हमसून रडले. आईनेसुद्धा मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा त्याने ऑफिसातून मला कळवलं, आणि मी देवापुढे साखर ठेवते न ठेवते तोच काकू शिऱ्याची वाटी घेऊन दारात. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, अहो, आमच्या काकूंना चेहरा वाचता येतो. बहीण म्हणायची, नशीबवान आहेस. होतेच मी.

इंटरनेटचं रडगाणंही मी त्यांच्यापाशीच गायचे. त्या डोक्याला तेल चोळत ऐकायच्या. एकदा मी सहज विचारलेलं की तुमचा तो जुना फोन जोडलेला तर नाही ना. त्या म्हणाल्या, अगं, त्याच्यावर केव्हाची गाद्यांची चळत आहे. मलाच विचारल्याची लाज वाटली.

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला. पाच फाइली उशिरा गेलेल्या. सोमवारी साहेबांनी गोड बोलणं सोडलं. शुक्रवारी पूर्ण पुस्तक हवं होतं, चाळीस पानं, ते छापखान्यात जायचं होतं. चारच्या आत आलं नाही तर दुसरीकडे देतो म्हणाले. मी सासूबाईंचं सगळं करता करता ती चाळीस पानं ओढली. त्या शुक्रवारी मी हरले असते तर पुढची कित्येक वर्षं मी फक्त कूस बदलणारी बाई उरले असते. हे मला स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला लावलं, तुटलं. साडेअकराला लावलं, तुटलं. पावणेबाराला बेल वाजली. टेलिफोनचा लाइनमन. दहा दिवसांपूर्वी तक्रार दिलेली, तो आता उगवला. जवळच्याच गावातला, आगरी, पन्नाशीचा, कमरेला तपासणीचा फोन लटकवलेला. मी तोंड सोडणार होते, पण तो हसून म्हणाला की खालची पेटी बघूनच वर आलोय, तिथपर्यंत लाइन साफ आहे. म्हणजे घोळ घरात.

त्याने मोडेम सोडला. आमचा फोन सोडला. नुसत्या भिंतीवरच्या डबीला आपला फोन लावून ऐकलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. डबीचं झाकण काढून त्याने मला दाखवलं. आमच्या वायरीखाली त्याच स्क्रूला आणखी एक जोडी आवळलेली होती. मी म्हटलं, ती जुनी आहे, पुढे काही नाही, मेलेली वायर.

तो म्हणाला, "मेलेली नाय, बाई. पलीकडं कोनतरी उचलून बसलाय. तुमीच ऐका."

त्याने फोन माझ्या कानाला दिला. आधी नुसतं भरलेलं, घरातलं असतं तसं शांत ऐकू आलं. मग कुकरची शिट्टी झाली. फोनमध्ये झाली आणि त्याच क्षणी उघड्या दारातून, पॅसेजमधूनही आली. पाठोपाठ दुसरी झाली. तीही दोन्हीकडून. शिट्टी संपल्यावर श्वास ऐकू आला, जरासा घरघरता, दमा असलेल्या माणसाचा. तो श्वास मी बारा वर्षं ओळखत होते.

मी म्हटलं, "काकू."

खट् झालं आणि श्वास गेला.

लाइनमन भिंतीकडे बघत उभा राहिला. वायर काढू का, एवढंच त्याने हळू विचारलं. मी थांबा म्हटलं आणि चार हातांचा पॅसेज ओलांडून गेले. फोन माळ्यावर नव्हता. पलंगाशी होता, उशीच्या बाजूला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. खाली जमिनीवर बसायला गोधडीची घडी. ती घडी मला काय लागली ते सांगता येत नाही. उचलून चोरून ऐकलं असतं एखाद्या वेळी, तर मी भांडून सोडूनही दिलं असतं. ही रोजची, आरामात बसायची जागा होती. आमची घंटा किंवा नंबर फिरवल्याचा आवाज दारातून ऐकू आला की इथे बसायचं आणि उचलायचं. हल्ली तर घंटेचीही वाट बघायची नाही. मोडेम किंचाळला की उचलायचं, कुणी बोलेल म्हणून ती घरघर कानाला लावून बसायचं, आणि तिकडे उचललं की इकडे माझी फाइल रखडायची, तुटायची. कल्याणचा माणूस यायचा तेव्हा काकू आमच्या सोफ्यावर असायच्या, म्हणून फाइल जायची. मी त्या भल्या माणसाला काय काय बोलले होते.

काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "कधी एक शब्द बाहेर गेला का गं? कुणाला काही सांगितलं का मी?"

ते खरं होतं. बारा वर्षांत आमच्या घरातलं अक्षर बिल्डिंगमध्ये फुटलं नव्हतं. पण मला ते नको होतं. मला एकच गोष्ट विचारायची होती.

"काकू, ती खिचडी?"

त्यांनी गॅस बंद केला. मी उत्तराची वाट बघितली, खरंच बघितली. नाही म्हणाल्या असत्या, खोटं का होईना, तर मी विश्वास ठेवला असता. त्या कुकरच्या मुठीवरून हात फिरवत राहिल्या. मी परत आले आणि लाइनमनला म्हटलं, काढा.

त्याने दोन स्क्रू सैल केले. अर्ध्या मिनिटाचं काम. पॅसेजमधली पट्टी उचकटू का म्हणून विचारलं, मी राहू दे म्हटलं. जाताना पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, आता पलेल बगा. पळालं. मोडेम लावला, किंचाळला, गप्प झाला, आणि एरवी कासवासारखी सरकणारी ती निळी पट्टी टोकापर्यंत एका दमात गेली. चाळीस पानं. घड्याळात एक वाजला होता. सासूबाईंची कूस बदलायची वेळ टळून गेलेली, मी त्यांच्याकडे गेले. रडायला आलं ते त्यांच्या पाठीला पावडर लावताना आलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, चालता हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला.

राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू. ऐकलं त्याचा आहेच. पण त्याहून जास्त राग याचा की माझ्या आयुष्यात एक माणूस मला न सांगता ओळखतं असं मी बारा वर्षं धरून चालले, आणि त्या ओळखण्याला एक वायर होती. ती मीच ओढून दिलेली.

काकूंचं दार दुसऱ्या दिवसापासून बंद राहू लागलं. माझंही.

सोमवारी दुपारी साहेबांचा फोन आला. पुस्तक छापायला गेलं, काम छान झालंय, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम. मी दोनदा थँक्यू म्हटलं. फोन ठेवला. नवऱ्याला ऑफिसात लावला, तो जागेवर नव्हता. बहिणीला लावला, तिने उचलला नाही. सासूबाई झोपलेल्या. मी हॉलमध्ये खुर्चीवर बसले, उठले, दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवून परत येऊन बसले. कशासाठी ते मला दहा मिनिटांनी कळलं. मी शिऱ्याची वाट बघत होते.

कोण आणणार होतं? कुणाला कळलंच नव्हतं.