आय विल सी यू

पंचवटीतल्या आमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये सगळ्यांत हळू आवाज एका बाईंचा. माहेर दिंडोरीकडचं. वाक्य बोलून झालं, की चुको वा न चुको, लाजून वही तोंडापुढे धरायच्या. निरोप घेताना 'आय विल सी यू' म्हणा, असं सरांनी शिकवलं तेव्हा त्या एकट्याच दचकल्या.

"सर, हे तर 'तुला बघून घेईन' झालं! अशी धमकी देऊन कुणी घरी जातं का?"

आम्ही पोट धरून हसलो. बाई मात्र निघताना 'येते हं' एवढंच म्हणत राहिल्या.

परवा त्यांचा नवरा थेट वर्गात शिरला. "घरचं सोडून इथं लय शहाणी व्हायला बसली का?" म्हणत त्यानं सगळ्यांदेखत त्यांच्या थोबाडीत मारली. आम्ही जागच्या जागी थिजलो. सरसुद्धा.

बाईंनी पडलेली वही उचलली, पण तोंडापुढे धरली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत, त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आय विल सी यू."

"चला, बाय करायला तरी शिकली!" नवरा हसत जिना उतरला.

बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ अख्ख्या वर्गाला माहीत होता.