धुऱ्यावरची कंदीलवेल

मी तापट माणूस आहे, वरवट बकालात कोणालेही विचारा. पण त्या दिवशी माहा पारा उगाच नव्हता चढला. पोरगी सुचिता दारातून आत आली, बॅग टाकली आन् म्हणे, "बाबा, माही जागा जाऊन राह्यली."

आमच्या घरात वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. झालेली हीच पहिली. दुर्मिळ झाडांवर संशोधन करायची, पीएच.डी.ची एक जागा तिले दूरच्या विद्यापीठात मिळायच्या बेतात होती. त्याच्या आधी तिथल्या सरांनी एक काम देलं होतं. आमच्या भागातल्या कंदीलवेलीची पानं गोळा करायची, त्यांची जनुकं तपासायची आन् कोणती वेल कोणाच्या नात्यातली ते दाखवायचं. झाडाचंही गोत पाहतात म्हणे! ही वेल आता लय कमी उरली. फूल कंदिलावानी, खाली मातीत कंद. मी पोरीले फटफटीवर बसवलं आन् सात गावचे धुरे, म्हणजे वावरांचे बांध, पालथे घातले. चाळीस वेलींची पानं, चाळीस पाकिटं.

आन् तपासणीत निघालं काय, तर चाळीसही एकच! सरांनी तोंडावर विचारलं, "एकाच वेलीची पानं चाळीस पाकिटांत भरलीस का?" सोमवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

"कोण बे तो मास्तर?" मी ओरडलो. "उन्हातान्हात गाडी हाकून माही पाठ मोडली, आन् आमालेच लबाड म्हणते?" सुचिता रडाले लागली. ते पाहून मी आणखीनच ओरडलो.

सुचिताची माय पुष्पा तिथंच सुपात डाळ निवडत बसली होती. मी ओरडून थकलो की मंग ती बोलते. म्हणे, "गावं कोणती कोणती होती वं?"

सुचितानं सातही गावं सांगतली. पुष्पा हसली. "मंग बरोबरच निघालं. त्या साऱ्या माह्याच वेली हायेत."

"तुह्या? त्या कशा, आई?" सुचितानं विचारलं.

पुष्पाचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं लेक सासरी निघाली की ओटीत नारळासंग एक कंद टाकतात. तिनं तो सासरच्या धुऱ्यावर लावायचा. वेलीनं जीव धरला की माहेरी निरोप धाडायचा, म्हणजे पोरगी रमली असं समजतात. पुष्पानं एक कंद आणला होता. आमच्यात ही रीत नाही, पण तिले राहवेना. गावातली कोणतीही लेक निघाली, की आपल्या वेलीखालचा एक कंद काढून तिच्या ओटीत. महामाया, सारिका, डिंपल... पुष्पा एकेक नाव सांगे आन् सुचिता एकेक पाकीट बाजूले ठेवे. सदतीस तिथंच जुळली. उरलेले तीन कंद त्या पोरींनी पुढं आपल्या नणंदांले देलेले, फोन करून तीही नावं कळली. कंदातून उगवली वेल म्हणजे मूळची तीच वेल, बीतून उगवली तर वेगळी, असं सुचितानं मले समजावलं.

"आई, तू आधी काऊन नाही सांगतलं?"

"मले कोणी विचारलं? तू तर बाबाले विचारलं."

खरं होतं. हर पाकिटासंग एक कागद होता, त्यावर 'वेल कशी उगवली' असा रकाना. ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर गड्यांनी सांगतलं, आन् मीही छातीठोकपणे लिहून देलं, आपोआप.

"बत्तीस वर्सं झाली, भाकरही ताटात आपोआपच येते वाटते," पुष्पा म्हणे.

तोंड लपवाले जागा नव्हती, बापा!

खुलासा सोमवारच्या आधीच गेला, चाळीस नावांचा. दुसऱ्या दिवशी आम्ही पुष्पाच्या माहेरी गेलो. तिचा भाऊ उकंडराव डोंगरात घेऊन गेला. तिथं रानातल्या अकरा वेली सापडल्या. त्यांची पानं तपासली तर एकीचा एकीशी मेळ नाही! महिन्यानं सरांचा फोन आला. सुचिताची जागा पक्की झाली होती. मी घरभर नाचलो, खोटं काऊन बोलू.

सरांनी पुष्पाले फोन द्याले लावला. ती जरा वेळ "हाव सर, हाव सर" करत राह्यली. मंग तिनंच विचारलं, "सर, आता डोंगरातल्या बाकीच्या वेलींच्या बियाही रुजवू का? एकाच घरचे कंद किती दिवस देऊ पोरींले?"

सर हसले. "बाई, हेच सांगायला फोन केला होता."

मी चाळीसही कागद दुरुस्त केले. चाळीस वेळा 'आपोआप' खोडून 'पुष्पाबाई' लिहिलं. हात दुखून आला. तिनं चहा आणला, वाकून पाह्यलं आन् माह्याजवळच बसली.

सुचिता निघाली तेव्हा ना लग्न, ना वऱ्हाड. तरी पुष्पानं तिची ओटी भरली आन् त्यात कंद टाकला. बस सुटेपर्यंत मी खिडकीपाशीच उभा होतो. परक्या गावात पोरगी कशी राहते, हीच चिंता.

परवा मोबाइलवर फोटो आला. होस्टेलच्या खिडकीत एक कुंडी, कुंडीत दोन कोवळी पानं. खाली तिनं लिहिलेलं, "आई, जीव धरला."

पुष्पानं ते मले तीनदा वाचाले लावलं. चौथ्यांदा मी न सांगताच वाचलं.