लानच्या केकला लावलेलं तूप

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट.

इथे आखातात, अल मजाजला आमच्या शेजारी लान राहते, व्हिएतनामची. गेल्या आठवड्यात तिची आई गेली. पासपोर्ट व्हिसासाठी जमा केलेला, त्यामुळे तिला जाता आलं नाही.

दुखवट्याच्या घरी गोड नेऊ नये, हे कळतं मला. पण तिची आई करायची त्या वाफवलेल्या केकची कृती लानने मागे लिहून दिली होती. एक थर नारळाच्या दुधाचा, पानांच्या रसाने हिरवा केलेला. एक पिवळा, मूगडाळीचा. खालचा घट्ट झाला की वरचा ओतायचा.

मोदकपात्र काढलं. आपल्या हाताची सवय, प्रत्येक थरावर तुपाचं बोट फिरवलं. कापायला गेले तर थर एकमेकांवरून घसरायला लागले.

"आई, इट्स फॉलिंग अपार्ट," लेक म्हणाली.

ओशाळून तसाच नेला. लानने वरचा थर बोटांनी अलगद सोलून खाल्ला, मग खालचा.

"लहानपणी मी असाच सोलून खायचे. आई ओरडायची, नीट खा म्हणून."

आणि आठवड्यात पहिल्यांदा ती रडली. मी शेजारी बसून राहिले.

तुम्हाला इथे असताना अशी बातमी आली, तेव्हा दारात कोण आलं होतं?