बडीशेपेच्या वासाचं गांडूळ

डबीचं झाकण उघडलं की बडीशेपेचा दाट, गोडसर गंध घरभर दरवळतो आणि क्षणभर वाटतं, आताच कुणी पाहुणे जेवून उठले असावेत. पण डबीत असतं रबराचं गांडूळ! जांभळं, मऊ, लिबलिबीत, शेपटीशी चपटं. माशांना हा गंध फार प्रिय असतो म्हणे. मासोळीने बडीशेप कधी आणि कुणाच्या पंगतीत चाखली असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. हल्ली अशी न सुटलेली कोडी घरात बरीच आहेत.

ही डबी माझ्या यजमानांची. जवाहरनगरच्या नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही आंधळगावला राहायला आलो आणि त्यांना गळ टाकून मरळ मासे धरण्याचा नाद लागला. मोबाइलवर पाहून त्यांनी एक नवीच तऱ्हा शिकून घेतली: गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच दडवायचं, म्हणजे ते शेवाळात, कमळाच्या दांड्यांत अडकत नाही. मी लोकांचे ब्लाउज शिवत बसले की ते मशीनपाशी येत. "अवं, पाय इकडे. टोक बाहेर दिसलं का मासा पयते." टोकच दडवलं तर मासा लागणार कसा, हा माझा साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ते हसून उद्यावर टाकत.

मग उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात निकामी झाला, वाणी गेली. सगळे शब्द ओसरले आणि तळाशी एकच उरला, आमच्याकडचा होकार: हौ. चहा पाहिजे का जी? हौ. नको का? हौ. करडीहून माझा भाऊ भेटायला आला, त्याने विचारलं, "भाऊजी, आता बरे हाव ना?" आणि त्या प्रसन्न 'हौ'वर निर्धास्त होऊन तो परत गेला. मी मात्र त्या एका अक्षरापाशी खोळंबून राहिले. त्यामागे माझा माणूस उभा आहे, की तो नुसताच सवयीने उमटणारा ध्वनी आहे? हे विचारावं तरी कुणाला? त्यांना विचारलं तर तेही 'हौ'च म्हणणार!

एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने ती डबी माझ्या मशीनवर आणून ठेवली आणि ते समोर बसले. मी गळ उचलला. माझा हात सुईचा. कापडात धावदोरा घालावा तसा मी तो आत-बाहेर, आत-बाहेर नेला आणि गांडुळाच्या अंगभर चुण्या पडल्या. "असंच का जी?" "हौ." सगळं काढून शेपटीकडून घातला. "का असं?" "हौ." मग तुरपाईचा टाका वरून दिसू द्यायचा नसतो, हे आठवलं. डोक्याशी एकदाच टोचून, गळ वळवून, टोक पोटात लपवलं. गांडूळ सरळ राहिलं. "आता बरोबर?" "हौ." तिन्ही तऱ्हा बरोबर कशा असतील हो! मला रडू आलं, रडता रडता हसूही आलं, आणि ते कौतुकाने माझ्याकडे पाहत राहिले. कौतुकच होतं ना ते?

शेवटी आम्ही करडीला, भावाच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहानसं तळं. धान निसवून लोंब्या बाहेर पडू लागल्या होत्या आणि बोडीचं निम्मं पाणी कमळाच्या पानांनी झाकलं होतं. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, त्यांना खुर्ची मांडून दिली, गळाची काठी मी घेतली. तुरपाई केलेलं ते गांडूळ पानांवरून घसरत, दांड्यांमधून वाट काढत आलं, कुठेही अडकलं नाही. हे माझं कौशल्य, की निव्वळ योगायोग? तेवढ्यात पानं थरथरली आणि दोरी जड झाली.

"ओढू का जी?" मी सवयीने विचारलं. उत्तर ठरलेलंच होतं, म्हणून ते कानी पडायच्या आधीच मी काठी उचलू लागले.

'हौ' आलं नाही.

त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर पडला आणि तिथेच घट्ट बसला. नजर दोरीवर, कपाळावर ती जुनी आठी. दोरी हळूहळू एका बाजूला सरकत होती; मासा गांडूळ तोंडात नीट घेत असावा. किती वेळ गेला कोण जाणे! मग तो हात सैल झाला आणि ते म्हणाले, "हौ!"

आणि मी काय करावं? ओढायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. दोरी ढिली पडली, मरळ निघून गेली. त्यांनी फाडकन कपाळावर हात मारून घेतला. माझ्यावर कुणी इतकं चिडल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

गांडुळाची शेपटी तेवढी तुटून गेली होती. गळ मी बरोबर लावला होता की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही. डबी उघडली की मी पुन्हा गोंधळते. त्या संध्याकाळी जेवायला बसलो, तर हात धुऊनही बोटांना बडीशेपेचा वास येत होता. "भात वाढू का जी?" मी विचारलं, आणि भाताचा चमचा हातात धरून उत्तराची वाट पाहत थांबले.