अर्जदार माझा भाचा

कल्याणच्या पुढे बदलापूरपर्यंत जी म्हणून माणसे राहतात, त्यांत माझ्या भाच्याइतका गोंगाट एकट्या देहाने केल्याचे दुसरे उदाहरण नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. बेजबाबदार विधान माझ्या लेखणीतून उतरत नाही. हा मुलगा बोलत नसे, रॅप करी. अर्धा लिटर दूध जास्त हवे, हेसुद्धा तो यमकात सांगे आणि यमक जुळेपर्यंत दूधवाला दारात खोळंबून राही. त्याचे ध्वनिमुद्रण माझ्या बहिणीच्या कपाटात, गोधड्यांच्या मधे चाले. एकदा पाहुण्यांसाठी चादर काढायला बहिणीने कपाट उघडले, तो आतून "आलो मी, सरका सगळे!" अशी गर्जना झाली आणि पाहुणे चहा न घेताच सरकले. उल्हासनगरच्या एका जीन्सवाल्या सिंधी शेठकडून आणलेली त्याची पँट तर एवढी ऐसपैस होती की तीत त्याच्यासह आम्ही दोघे-तिघे सहज मावलो असतो.

त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी मुलाच्या नोकरीचे तिथेच बोलून ठेवले होते. भाचा माझ्याकडे धावत आला. "जयभीम मामा! पप्पांना समजाव ना. एक वर्ष द्या म्हणावं. नाय जमलं तर गुपचूप कारखान्यात जातो."

तोंडी विनंतीला आमच्या व्यवसायात किंमत नाही. मी रीतसर अर्ज लिहिला आणि दाजी जेवत असताना उभा राहून वाचला : 'सबब विनंती की, अर्जदारास रॅपकामी एक वर्षाची मुदत मिळावी.'

दाजींनी घास गिळला. "मंजूर. मुदतवाढ नाही. आणि मीठ द्या इकडे."

ती मुदत त्याने बव्हंशी माझ्या मेजाशी घालवली. दोन्ही तळव्यांनी तो मेजावर असा ठेका धरी की शाईचे पॅड उडे. एका आजोबांचा अंगठा तर वारसनोंदीच्या अर्जाऐवजी माझ्या शुभ्र बाहीवर उमटला. वर्ष सरत आले तरी त्याला कोणी विचारत नव्हते. अशात एका चाळीतल्या बायका नळाला पाणी नाही म्हणून अर्ज लिहून घ्यायला आल्या. मी मसुदा खणखणीत वाचून दाखवत होतो.

"ए मामा, थांब! ते 'सबब विनंती' परत म्हण!"

मी म्हटले. त्याने मेज बडवले. "बारवी धरण काठोकाठ, हंडा बघतो नळाची वाट!"

"सबब विनंती!" बायका ओरडल्या. एकीने हसत मोबाईल काढला. "मामा, तुम्ही पण म्हणा की जोरात. साहेबालाच दाखवते!"

आठवडाभरात ते गाणे रिक्षा-रिक्षांतून वाजू लागले आणि भाच्याला लोक 'अर्जदार' म्हणू लागले. मुदत संपली त्या दिवशी भाचा दाजींपुढे हात बांधून उभा राहिला. गोंगाट पार आटला होता.

"पप्पा, वर्ष झालं. सांगाल ते."

"त्या बायकांना पाणी आलं का रे?"

"येतंय. संध्याकाळचं."

दाजींनी पेपर उलटला. "मग कारखान्यात काय करणार तू? हेच कर."

आज अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वर त्याची कंपनी आहे. नवे रॅपर कराराने बांधलेले आहेत. करारांचे मसुदे अर्थातच माझे. त्या ऐसपैस पँटी आता त्याच्या नावाने विकल्या जातात. जीन्सवाले शेठ मला थांबवून म्हणतात, "अरे साईं, तेरा भांजा तो मेरा भी सेठ निकला!" पिठाने पांढरे झालेले रॅपर त्याला 'सर' म्हणतात, आणि सर गाडीच्या काचेतून मला हात करून पुढच्या कार्यक्रमाला जातात.

माझे मेज आता शांत असते. अंगठे जागच्या जागी उमटतात, बाही शुभ्र राहते. दुपारी कोणी पक्षकार नसला की मी आजूबाजूला पाहतो आणि दोन्ही तळव्यांनी ठेका धरतो. पॅड मात्र जागचे हलत नाही.